गव्हाची गोळी आणि अमेरिकेतला फोन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला घरातल्या विषबाधेवरचा लेख वाचला. विषय वेळेवर घेतलात, त्याबद्दल आभार. मात्र 'गॅरेजमधले अँटिफ्रीझ कुलपात ठेवा' हा सल्ला पाडव्याच्या तोंडावर सोलापूरकरांना द्यावा असं कुणाला सुचलं, हे कळलं तर बरं होईल. आमच्या दोन खोल्यांत गॅरेज नाही. अँटिफ्रीझ म्हणजे आपलं कूलंट, हे मला मुलाने सांगितलं. लेखाच्या शेवटी 'मदतीसाठी त्वरित संपर्क' म्हणून जो नंबर छापलाय तो अमेरिकेतला आहे, हेही त्यानेच सांगितलं. लेख कुठून उचलला हे विचारत नाही, पण उचलताना निदान नंबर तरी बदलायचा!

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच पुरवणीत पान चारवर वर्षाचे गहू कसे भरावेत याची चौकट आहे. तीत लिहिलंय, 'कोठीत गोळ्या टाकून झाकण घट्ट लावावे.' कोणत्या गोळ्या? पाऱ्याच्या? की धान्याच्या दुकानात मागितल्या की कागदात बांधून मिळतात त्या? पहिल्या पानावर विष मुलांच्या हाताला लागू देऊ नका म्हणायचं आणि चौथ्या पानावर तेच कोठीत घालायला सांगायचं, हे तुमच्याकडे कुणी वाचतं की नाही?

मला विचाराल तर २००९ चा पाडवा सांगते. दोन पोती लोकवन घेतला होता. दुकानदाराने न मागता दोन गोळ्या पुडीत बांधून दिल्या. (पुडी तुमच्याच अंकाची होती, हे आज आठवलं.) नाव नाही, सूचना नाही. 'टाका वहिनी, पोरकिडा होणार नाही.' मी टाकल्या. कोठी आतल्या खोलीत, तिथेच जाऊबाईंची दोन मुलं झोपायची. डासांमुळे खिडकी लोटलेली.

रात्री सासूबाई उठून म्हणाल्या, "चटणीचा लसूण कुणी करपवला गं?" आम्ही म्हटलं, काही नाही, झोपा. पहाटे दोन्ही मुलांना उलट्या, धाकट्याला धाप. दवाखान्यात पहिला प्रश्न, काय खाल्लं? आम्ही श्रीखंडापासून सुरुवात केली. मग कडुनिंबाची चटणी, मग चौकातल्या रसवंतीवरचा रस. अर्धा तास आम्ही सहा मोठी माणसं मुलांच्या पोटात काय गेलं ते आठवत बसलो. नाकात काय गेलं हे कुणी विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही. सासूबाईंनी तो लसणाचा वास पुन्हा काढला तेव्हा डॉक्टर थबकले आणि म्हणाले, "घरात गहू भरलेत का?"

त्या गोळीचं नाव ॲल्युमिनियम फॉस्फाइड. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फीन वायू निघतो, तोही नुसत्या हवेतल्या ओलाव्यावर. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. त्यावर उतारा नाही, नुसते उपचार करत वाट बघायची. गोदामांसाठीची, जाणकारांच्या देखरेखीखाली वापरायची ही चीज आहे आणि घरगुती गिऱ्हाइकाला ती विकायलाच बंदी आहे. 'विषारी वस्तू उंचावर ठेवा' हे तुमच्या लेखातलं वाक्य म्हणून मला लागलं. कोठी माळ्यावर ठेवली असती तर काय मोठा फरक पडला असता?

मुलं तीन दिवसांनी घरी आली. थोरला आता इंजिनिअर आहे आणि गहू भरायचा विषय निघाला की माझ्याकडे बघून हसतो. आम्ही तेव्हापासून गव्हाला दोन कडक उन्हं देतो, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतो आणि संपेल तेवढंच भरतो. पोरकिडे होतात. चाळून घेतो.

छापायचाच असेल तर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा नंबर छापा: १८०० ११६ ११७. पहिल्या पानावर छापा. तिथे सोन्याच्या जाहिरातीतून जागा उरली तर.

आपली,
एक जुनी वाचक, सोलापूर

ता. क. त्या दिवशी दीर सकाळी सकाळी जाऊन रसवंतीवाल्याशी भांडून आले होते. त्याची माफी मागायची राहून गेली. आणि रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर दोन आठवडे झाले, छापलेलं नाही.