चार दिसांचे पावणे

चिपळूण,
रविवार दुपार

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

मस्कतचा गाशा गुंडाळून तू मेअखेर कायमचा येतोयस, हे वहिनी बाजारात भेटल्या तेव्हा कळलं. रात्री तुझा मेसेजही आला, "अठ्ठावीस वर्षं झाली, आता बास. सगळे एकत्र राहू." नुसता अंगठा पाठवून भागलं असतं, पण मन होईना. म्हणून हे पत्र.

तुला आमचे बाबा आठवत असतील ते गणपतीतले. इस्त्रीचा पायजमा, खिशात लिमलेटच्या गोळ्या, रात्रभर भजन. एरवी वर्षभर बाबा म्हणजे मनीऑर्डर. लालबागला गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे. एक उठून गिरणीत गेला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा. आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कूपन पोस्टमनच मोठ्याने वाचायचा. "तीर्थरूप नानांस सा. न. रुपये साठ पाठवले आहेत. मुलांस आशीर्वाद. घरात तब्येतीस जपणे." हे 'घरात' म्हणजे आई. बायकोचं नाव लिहायची पद्धत नव्हती. पोस्टमन त्या शब्दापाशी आला की आई पदराला हात पुसायची, हात कोरडे असले तरी. ती कूपनं तिने पत्र्याच्या डब्यात जपली. आता डबा माझ्याकडे आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. सामंत, अडीच लाख कामगार, सगळं तुला पाठ आहे. आमच्यापुरतं सांगायचं तर पाऊस लागायच्या आत बाबा पेटी घेऊन दारात उभे. मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन घरीच होतो. आम्हाला वाटलं, आता रोजच गणपती.

पंधरा दिवसांत गोळ्या संपल्या. बाबांना घरातलं काहीच माहीत नव्हतं रे. कुठल्या कोनाड्यात मीठ, कुठला बांध कोणाशी वादात, धाकटी कशाला घाबरते. नाना थकल्यापासून शेत, गुरं, सोसायटीचं कर्ज, सगळं आईच बघत होती. तिने म्हातारा बैल विकायचा ठरवला, तर बाबा म्हणाले, "मला न विचारता?" आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "तुमाला काय ठावं? तुमी चार दिसांचे पावणे."

बाबा गप्प झाले. बैल विकला गेला.

मला अजून छळते ती त्यांची वळकटी. पहाटे उठले की अंथरूण घट्ट गुंडाळून, दोरी बांधून भिंतीला लावून ठेवायचे. पुढच्या पाळीवाल्यासाठी! घर एवढं रिकामं, तिथे कोण झोपायला येणार होतं? पाच-सहा वर्षांनी एकदा श्रावणात वळकटी दुपारपर्यंत तशीच पसरलेली. आई घाबरून म्हणाली, "बरं नाय वाटतं का?" तसं काही नव्हतं. आळस आला होता त्यांना, एवढंच. त्या दिवशी आईने घावणे केले.

आपल्याकडचं हे जुनंच दुखणं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या, तर लोक कौतुक करत होते. अरे, पुरुष मुंबईला आहेत ना! १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला घरी यायला लागला, तरी आमच्या वाडीतली अर्धी घरं गणपतीलाच उघडतात.

तुझं वेगळं आहे, मान्य. तू रोज व्हिडिओ कॉल करतोस, बाबांना दोन ओळींचं कूपन होतं. पण कॉलवर बँकेची रांग दिसत नाही, सासऱ्यांची आजारपणं काढताना वहिनींनी काय काय केलं ते दिसत नाही. आल्या आल्या हिशेबाची वही मागू नकोस. पोराच्या नोकरीवर पहिल्या आठवड्यात बोलू नकोस. आणि दोन महिन्यांत "कुठे येऊन पडलो" असं वाटलं, तर सरळ माझ्याकडे ये. ओटीवर बसू.

एक सांगू की नको असं चाललंय. परवा तुझ्याकडे गेलो होतो. वहिनी माडीवरची खोली रंगवून घेतायत, तुझ्यासाठी. रंगाऱ्याला खालून ओरडून सांगत होत्या, "आधी पाहुण्यांची खोली उरक!" माझ्याकडे बघून स्वतःच हसल्या, मग जरा वेळ काही बोलल्या नाहीत.

गाडी कुठली ते कळव, स्टेशनवर मी येतो. खजूर आणू नकोस, मला साखर निघालीय.

तुझा,
सुरेश