थॉमस स्टीव्हन्सन यांची पांढरी पेटी

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या स्टीव्हन्सन या दीपस्तंभ बांधणाऱ्या अभियंत्यांच्या घराण्यावरील लेख काल वाचला. रॉबर्ट यांचा बेल रॉक आणि थोरले चिरंजीव अ‍ॅलन यांचा, १८४४ साली उजळलेला स्केरीव्होर, हे दोन्ही दीपस्तंभ लेखकाने तन्मयतेने रंगवले आहेत, त्याबद्दल आभार. परंतु धाकट्या थॉमस यांची (१८१८-१८८७) ‘एका प्रसिद्ध कादंबरीकाराचे वडील’ अशी एका वाक्यात बोळवण केली, याचे मला फार वाईट वाटले.

लाटेचा मारा मोजण्याचे यंत्र थॉमस यांनी तयार केले आणि स्केरीव्होरच्या खडकावर दर चौरस फुटाला ६००० पौंडांहून अधिक दाब नोंदवला. घराण्याच्या या पेढीत अंदाजाला मोजमापाची जोड देणारा हा माणूस होता. तापमापीला वारा लागावा पण ऊन लागू नये, म्हणून तिरप्या फळ्यांच्या दुहेरी भिंतींची पांढरी लाकडी पेटी त्यांनीच योजली. आपल्याकडील वेधशाळांत ती आजही ‘स्टीव्हन्सन स्क्रीन’ याच नावाने ओळखली जाते. विदर्भातील एका केंद्रावर निरीक्षक म्हणून मी २६ वर्षे रोज सकाळी साडेआठला तिचे उत्तरेकडचे दार उघडले आहे. दार उत्तरेला का, तर वाचन घेताना ऊन आत शिरू नये म्हणून. इतका बारीक विचार त्या पेटीमागे आहे.

एका वर्षी नव्या साहेबांनी मोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून ती पेटी हिरवळीवरून उचलून सिमेंटच्या भिंतीलगत ठेवली. त्या उन्हाळ्यात कमाल तापमान भलतेच चढे येऊ लागले. मी दोनदा लेखी कळवले, उत्तर आले नाही, आणि ते चुकीचे आकडे माझ्या सहीने नोंदवहीत कायमचे राहिले. ही गोष्ट मला अजून डाचते.

आपणही उन्हाळ्यात रस्त्यावरच्या फलकाचा आकडा पाहून ‘पारा ४८ वर’ असे ठळक मथळे देता. उन्हात तापलेल्या उपकरणाचा आकडा हे हवेचे तापमान नव्हे, आणि नेमकी हीच चूक टाळण्यासाठी थॉमस यांनी ती पेटी घडवली होती. कृपया पुढच्या रविवारी त्यांच्याविषयी चार ओळी आणि पेटीचे एक छायाचित्र छापावे.

आपला,
एक निवृत्त हवामान निरीक्षक