मोडी वाचून देणाऱ्या काकांना, सदाशिव पेठेतून

काका, सा.न.वि.वि. तुम्ही फेसबुकवर नाही हे माहितीये, पण तुमच्या सूनबाई आहेत, त्या वाचून दाखवतील. समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा टाकू का" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या हॉलमध्ये एक मोडी कागद फ्रेम करून लावलेला आणि खाली पट्टी, 'नाना फडणवीसांचे आमच्या मूळपुरुषांस पत्र'. मुंज असो, केळवण असो, पाहुण्याला आधी तो कागद दाखवायचा आणि मग पन्हं. वाचता मात्र घरात कुणालाच येत नव्हता. मागे एकाने पैसे घेऊन "हो हो, नानांचंच" असं सांगितलं होतं, आता त्याला तरी काय बोलणार, आम्हाला तेच ऐकायचं होतं.

तुम्ही फ्रेमवरून वाचायला नाहीच म्हणालात. काच काढायला लावलीत, भिंग घेतलंत आणि सगळ्यात आधी शेवट बघितलात. छ ७ सफर, म्हणजे मुसलमानी सफर महिन्याचा सातवा चंद्र, सन तिसा अशर मयातैन व अलफ. मग बाबांच्या समोर लाइट बिलाच्या मागे पेन्सिलीने हिशोब मांडलात, तिसा नऊ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार, झाले १२१९, हा शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत अरबी आकड्यांनी लिहायचे ते वर्ष, त्यात ५९९ मिळवा, १८१८. महिना सफर म्हणजे त्या वर्षी डिसेंबर. आणि एकदम हळू आवाजात, "नाना १३ मार्च १८०० ला गेले हो." बाबांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

पुढे तर अजूनच मजा. पत्र आमच्या मूळपुरुषांना आलेलंच नाही, त्यांनीच कुणालातरी लिहिलेलं, आणि विषय काय तर नोकरी! जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला, पेशवाई संपली, त्याबरोबर आमच्या मूळपुरुषांची मामलेदाराकडची, म्हणजे तालुक्याचा सारा वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याकडची, कारकुनीही संपली. म्हणून ज्या गृहस्थांची नव्या साहेबांकडे ऊठबस होती त्यांना विनवणी, की आमची शिफारस करा, मामलत म्हणजे मामलेदारी नाही तर निदान कारकुनी द्या पण पोटास लावा. "पोटास लावावे" हे दोन शब्द तुम्ही दोनदा वाचलेत आणि थांबलात. आम्ही पण गप्प झालो होतो.

मग तुम्ही जे समजावून सांगितलंत ते मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. नानांच्या वेळी मामलेदारावर लक्ष ठेवायला दरखदार म्हणजे सरकारने नेमलेले हिशोब-दप्तराचे अधिकारी असायचे, फडणीस, मजमदार वगैरे, त्यांना मामलेदार काढू शकत नसे. दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने द्यायला सुरुवात केली, जो जास्त बोली लावेल त्याला तालुका, आणि त्याने मग भरलेले पैसे रयतेकडून वसूल करायचे. वरून दरबारखर्च आणि अंतस्थ, म्हणजे सरळ लाच, त्यातला दरबारखर्च चक्क हिशोबात लिहायचे! इंग्रजांचा इथला कमिशनर एल्फिन्स्टन, त्याने मक्ते बंद केले, मामलेदार पगारी केले. म्हणजे आता बोली लावून जागा मिळणार नव्हती, साहेबापर्यंत आपलं नाव नेणारा माणूस लागणार होता. मूळपुरुषांना ते सहा महिन्यांत कळलं होतं, हुशारच म्हणायचे.

त्यात माझा आगाऊपणा, मी लगेच म्हणालो की मग हे इंग्रजांच्या मर्जीतल्या बाळाजीपंत नातूंनाच लिहिलं असणार. नाव असलेला कोपरा वाळवीने खाल्लाय, ते दाखवून तुम्ही म्हणालात, "जिथे कागद नाही तिथे आपण बोलायचं नाही." गेले दोन महिने ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी हे वाक्य वापरतोय, काका, रॉयल्टी लागते का बघा.

आणि ते पैवस्तीचं. पत्र पोचलं की घेणारा त्यावर पैवस्ती म्हणजे पोचल्याची तारीख टाकतो, आपल्या कागदावर ती नाही, उलट चार ठिकाणी खाडाखोड, म्हणजे हा मसुदा असावा, म्हणूनच तो घरात राहिला. पक्कं पत्र गेलं का, गेलं तर काम झालं का, काही कळायला मार्ग नाही. आत्या म्हणते झालंच असणार, नाहीतर आपण पुण्यात कसे. असो.

तुम्ही गेल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि रात्री जेवताना एकदम म्हणाले की मला चिकटवायला तुझ्या आजोबांनी पण एका पुढाऱ्याची चिठ्ठी आणली होती, तीन चकरा मारून. हे मला माहितीच नव्हतं!

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, फक्त आईच्या हातच्या नारळाच्या वड्या घेतल्यात, त्याही मधुमेह आहे म्हणत चार. खरंच मनापासून थँक्यू, काका.

आता एक काम. जुनी पट्टी बाबांनी स्वतः खरवडून काढलीय. नवीन पट्टीवर आत्याला 'पूर्वजांचे ऐतिहासिक पत्र' हवंय, बाबा म्हणतात 'नोकरीचा अर्ज, १८१८' असंच लिहायचं. रविवारी या आणि निकाल द्या, वड्या करून ठेवतोय.