'तांत्रिक बिघाड' एवढेच छापू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

एखाद्या मोठ्या प्रदेशाची वीज एकदम गेली की दुसऱ्या दिवशी बातमीत ठरलेले वाक्य येते, 'तांत्रिक बिघाडामुळे वीजपुरवठा खंडित झाला', आणि विषय तिथेच मिटतो. मी 31 वर्षे जलविद्युत केंद्रात पाळी केली आहे. हे वाक्य वाचून दरवेळी जीव तळमळतो, म्हणून हे पत्र.

बिघाड म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर तुटलेली तार किंवा जळालेला ट्रान्सफॉर्मर येतो. ग्रिड, म्हणजे वीजकेंद्रे आणि तारा यांचे एकत्र जोडलेले जाळे, कोसळते तेव्हा कित्येकदा असे काहीच झालेले नसते. मशीन धडधाकट, तारा शाबूत, फक्त सगळे एकमेकांच्या तालातून सुटलेले.

आमच्याकडची मशीन मिनिटाला 375 फेरे घ्यायची. 16 चुंबकीय ध्रुवांच्या मशीनला 50 हर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे ग्रिडची वीज सेकंदाला 50 वेळा झुलते त्या तालावर, तेवढेच फिरावे लागते. ती ग्रिडला जोडणे म्हणजे आमच्या भाषेत 'बारवर घेणे'. आधी व्होल्टेज जुळवायचे, मग वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरने वेग, आणि मग नजर सिंक्रोस्कोपच्या, म्हणजे मशीन आणि ग्रिडचा ताल किती जुळला ते दाखवणाऱ्या यंत्राच्या, काट्यावर. काटा घड्याळाच्या दिशेने अगदी सावकाश फिरायला हवा, म्हणजे आपली मशीन ग्रिडपेक्षा केसभर पुढे आहे. तो घड्याळातल्या बाराच्या जागी पोचण्याच्या किंचित आधी ब्रेकर, म्हणजे मशीन ग्रिडला जोडणारा मोठा स्विच, मारायचा, कारण ब्रेकरलाही मिटायला क्षणभर लागतो. शिकाऊ असताना एकदा मी घाई केली. काटा अकरापाशी असतानाच स्विच फिरवला. पायाखालची फरशी हादरली, मशीनच्या पोटातून जो आवाज निघाला तो आजही कानात आहे, आणि रिलेने, म्हणजे धोका दिसताच जोडणी तोडणाऱ्या रक्षक उपकरणाने, मशीन बाहेर काढली. पाळीवरचे साहेब ओरडले नाहीत. सगळी तपासणी करून आले आणि म्हणाले, "मशीन चांगली आहे, ग्रिडही चांगले आहे. तुझी वेळ चुकली." त्या रात्री लॉगबुकात बिघाड म्हणून लिहायला काही नव्हते.

बारवर गेलेली मशीन थोडी मागेपुढे झुलते आणि स्थिरावते. तिला कोणी धरून ठेवलेले नसते. ती बाकीच्या सगळ्यांना ओढत असते आणि त्यांच्याकडून ओढली जात असते. ही ओढ दोन टोकांमधल्या कोनावर, म्हणजे एक टोक दुसऱ्याच्या तालापेक्षा किती पुढे आहे त्यावर, ठरते. कोन वाढला की जास्त वीज वाहते आणि मागे पडणारे टोक सावरले जाते, पण हे साधारण 90 अंशांपर्यंतच. त्यापलीकडे कोन वाढला की ओढ उलट कमी होऊ लागते आणि मशीन सुटते. ही हद्द कुठल्याही एका मशीनच्या नेमप्लेटवर सापडत नाही. ती असते जोडणीत, आणि त्या क्षणी जोडणीवर किती भार आहे त्यात.

ही गोष्ट विजेपुरतीही नाही. 1665 मध्ये डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स आजारी पडून खोलीत होते, तेव्हा एकाच आधाराला टांगलेल्या दोन लंबकांच्या घड्याळांनी आपोआप एकमेकांशी ताल धरल्याचे त्यांना दिसले: एक लंबक डावीकडे, त्याच वेळी दुसरा उजवीकडे. जपानी शास्त्रज्ञ योशिकी कुरामोतो यांनी 1975 मध्ये अशा असंख्य आंदोलकांचे, म्हणजे लंबकासारख्या तालात झुलणाऱ्या घटकांचे, गणित मांडले. प्रत्येकाची स्वतःची चाल थोडी वेगळी. बंध सैल असेल तर जो तो आपल्या चालीने जातो. बंध एका मर्यादेपलीकडे घट्ट झाला की एक गट एकदम तालात येतो. मर्यादा उलट दिशेने ओलांडली की ताल मोडतो, आणि त्यासाठी एकही घटक नादुरुस्त व्हावा लागत नाही.

आता 4 नोव्हेंबर 2006 ची रात्र घ्या. वायव्य जर्मनीत एम्स नदीतून एक अवाढव्य नवे प्रवासी जहाज जायचे होते, म्हणून नदीवरची 380 केव्हीची (3 लाख 80 हजार व्होल्टची) दुहेरी लाइन ठरवून बंद केली गेली. अर्ध्या तासाने दुसरी एक लाइन भाराने ट्रिप झाली, म्हणजे आपोआप सुटली, आणि काही सेकंदांत युरोपच्या ग्रिडचे तीन तुकडे झाले. पश्चिमेकडे फ्रिक्वेन्सी 49 हर्ट्झपर्यंत उतरली, ईशान्येकडे 51 च्या वर चढली. सुमारे दीड कोटी घरे अंधारात गेली. मग ते तुकडे परत एकत्र आणायचे होते. पहिले काही प्रयत्न फसले, 38 मिनिटांनी जमले. ती 38 मिनिटे वाचताना मला माझा तो अकरावरचा काटा आठवतो.

30 जुलै 2012 ला पहाटे अडीचच्या सुमारास आपले उत्तरेचे ग्रिड गेले, तेव्हा सुरुवात बीना–ग्वाल्हेर ही 400 केव्हीची लाइन ट्रिप होण्याने झाली. चौकशीत दिसले की लाइनवर दोष नव्हताच. तिची जोडलाइन कामासाठी बंद होती, भार हिच्यावर आला, व्होल्टेज खाली, प्रवाह वर, आणि रिलेला तो दोष वाटला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिड गेली. याला 'तांत्रिक बिघाड' म्हणायचे तर कशातला?

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे 'आणखी लाइन टाका'. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण 2012 मध्येच डिर्क विटहाउट आणि मार्क टिमे या जर्मन संशोधकांनी गणिताने दाखवले की काही ठिकाणी नवी लाइन जोडल्यानेच ताल मोडू शकतो. 2014 मध्ये जर्मनीतल्याच पॉट्सडॅमच्या संशोधकांनी दाखवले की एकाच तारेने टोकाला लटकलेल्या फांद्यांमुळे ग्रिडची धक्का पचवण्याची ताकद घटते. वाटीतल्या गोटीला हलके टिचकावले तर ती तळाशी परत येतेच. जोरात टिचकावल्यावरही ती वाटीतच राहील का, हे वाटीच्या रुंदीवर ठरते. ग्रिडच्या बातमीत ही रुंदी कधी येत नाही, आणि खरे नुकसान तिथेच आहे, कारण वाचक दोषी तार शोधत बसतो.

म्हणून विनंती आहे. पुढच्या वेळी असे घडले की वार्ताहराला विचारायला सांगा: कोसळण्याच्या अर्धा तास आधी फ्रिक्वेन्सी किती होती, कोणत्या लाइन देखभालीसाठी बंद होत्या, उरलेल्यांवर किती मेगावॉट वाहत होते, आणि कोणती लाइन कोणाच्या आधी सुटली. ही सगळी माहिती भार नियंत्रण केंद्रांत वेळेसकट नोंदलेली असते. पहिल्या दिवशी मिळाली नाही तर चौकशी अहवाल आल्यावर छापा, आतल्या पानावर का होईना.

आपला,
जलविद्युत केंद्रातील एक निवृत्त पाळी अभियंता