छत्रीवाल्या दादांना, नेलपॉलिशच्या दोन रेघांबद्दल

दादा, नमस्कार.

आधी माडाबद्दल आभार. तुमच्याआधी टीव्हीची छत्री (डिश अँटेना) बसवून गेलेल्या गृहस्थांनी 'माड आड येतोय, तोडून टाका' असा निकालच दिला होता. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 रत्नागिरीतून आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण 128 अंशांवर असतो. पण क्षितिजापासून तो तब्बल 59 अंश वर असतो. ऑफसेट छत्रीचं तोंड उपग्रहाच्या खऱ्या दिशेपेक्षा बरंच खाली वळलेलं दिसतं, त्यामुळे ती समोरच्या झाडातच बघतेय असं वाटतं. तुम्ही तोंडी हिशोब केलात: झाड जितकं लांब, त्याच्या दीडपटीहून जास्त शेंडा छत्रीच्या वर जात नसेल, तर वाट मोकळी. माड सहा मीटरवर, शेंडा छत्रीच्या वर फार तर आठ मीटर. वाचला बिचारा.

दोष होता तो पाइपात. नुसत्या गिलाव्यात बसवलेले स्क्रू, आणि पाइप ओळंब्यात नाही. वाकड्या पाइपवर छत्री डावी-उजवी फिरवली की उंचीचा कोनही बिघडतो, मग उपग्रह सापडणार कसा? 'स्ट्रेंथ 80 आहे' म्हणून पैसे घेऊन ते गेले. एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) आणि वायर ठीक असली की भलतीकडे तोंड करूनही स्ट्रेंथ येते. बघायची असते ती क्वालिटी, म्हणजे हव्या त्या उपग्रहाचा सिग्नल किती नीट येतोय ते. वायरचा जोड पिळून चिकटपट्टी लावलेला, कनेक्टर उघडा. तेही कोकणात, पावसाच्या तोंडावर!

तुम्ही बोल्ट गिलाव्यापलीकडच्या काँक्रीटमध्ये घेतलेत, आरजी-6 ही डिशची केबल सलग ओढलीत, घरात शिरण्याआधी वायरला खाली झोळ दिलात म्हणजे पाणी तिथूनच गळेल. हे सगळं उत्तम, पण कामाचाच भाग.

कामाचा भाग नव्हती ती नेलपॉलिश. क्वालिटीवर डोळा ठेवून नट आलटून-पालटून थोडेथोडे आवळलेत (एकच नट घट्ट केला की छत्री सरकते), आणि मग घरातली लाल नेलपॉलिश मागवलीत. एक रेघ पाइपवरून क्लॅम्पवर, दुसरी उंचीच्या पट्टीवरून शेजारच्या पत्र्यावर. साठ सेंटिमीटरची छत्री एक-दोन अंश हलली तरी चित्र जातं. आता वाऱ्याने हलली तर रेघा तुटलेल्या दिसतील. दहा नंबरच्या पान्याने नट सैल करायचा, रेघेला रेघ जुळवायची, पुन्हा आवळायचा. मुसळधार सरीत चित्र गेलं तर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, तेव्हा छत्रीला हात लावायचा नाही, हेही बजावलंत. पाऊस थांबूनही चित्र आलं नाही, तरच रेघा बघायच्या. त्या जुळलेल्या असतील तर कनेक्टरमध्ये पाणी.

म्हणजे पुढच्या व्हिजिटचे पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने बुडवलेत. गिऱ्हाईक आपल्यावर अवलंबून राहावं म्हणून अर्धवट सांगणारे पुष्कळ असतात, तुमच्यासारखे फार थोडे.

माडाचे नारळ उतरवले आहेत. तुमचे वेगळे काढून ठेवलेत. या बाजूला आलात की घेऊन जा.