निवारा केंद्रातल्या म्हाताऱ्यांसाठी अनुभवी हात घ्या

मा. मंत्री,
मदत व पुनर्वसन, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

पुराच्या पाण्यात उतरायला तरुणच हवेत. आपत्तीत मदतीला स्थानिक स्वयंसेवक तयार करणाऱ्या आपदा मित्र योजनेतली १८ ते ४० ही वयाची अट त्या कामाला रास्त आहे. पण माणसे बाहेर काढून जिल्हा परिषदेच्या शाळेत आणली की दुसरे काम सुरू होते, आणि ते खानदेशातल्या घराघरांत अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा केलेल्या साठीच्या बायका-पुरुषांना चांगले येते. त्यांना या कामात घ्या, एवढ्यासाठी हे पत्र.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले. असे पाणी आले की म्हातारी माणसे नेसत्या कपड्यांनिशी निघतात. चष्मा, कवळी, गोळ्यांची पिशवी घरीच राहते. शाळेतले शौचालय लांब, वाट अंधारी, म्हणून आजीबाई दुपारपासूनच पाणी पिणे सोडतात. मग लघवीची जळजळ, चक्कर, बरळणे. लोक म्हणतात, धसका घेतला. खरे तर अंगातले पाणी कमी झालेले असते. त्यांची जागा शौचालयाजवळच्या खोलीत ठेवावी, वाटेवर दिवा आणि धरायला दोरी बांधावी, एक कमोड खुर्ची आणावी. ‘गोळी लिधी का, माय?’ असे अहिराणीत विचारणारे कुणी असले तर खरे उत्तर मिळते.

मधुमेह्याने इन्सुलिन टोचले आणि जेवणाचा टेम्पो उशिरा आला, तर साखर उतरते: घाम, थरथर, गोंधळ. माणूस शुद्धीवर असेल तरच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, बेशुद्धाच्या तोंडात काही घालायचे नाही. इन्सुलिन थेट बर्फावर ठेवले तर गोठून वाया जाते. वीज नसेल तेव्हा कोरड्या डब्यात घालून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवावे.

अंथरुणावरच्या माणसाला सतरंजीवरून ओढले की कातडी सोलते. खांद्यापासून मांड्यांपर्यंत दुमडलेली चादर खाली सरकवून दोघांनी दोन्ही कडांनी उचलायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली घडी ठेवायची.

आमच्या मागण्या अशा. तहसील कार्यालयात पावसाळ्यापूर्वी अशा अनुभवी माणसांची वेगळी नोंदवही उघडावी. वयाची अट नको, डॉक्टरांचा दाखला आणि धनुर्वाताची लस पुरे. पाळी सहा तासांचीच असावी, कारण यांच्यापैकी अनेकांच्या घरीही एक आजारी माणूस असते आणि त्याची सोय लावूनच ते येणार. एकट्याने कुणाला उचलायला लावू नये. स्वतःच्या सात दिवसांच्या गोळ्या सोबत ठेवाव्यात. विमा आणि ओळखपत्र आपदा मित्रांसारखेच मिळावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे, आणि त्यात चादरीने उचलणे बोलून न दाखवता हाताने करून घ्यावे.

कळावे,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत रुग्णसेवा करणारे आम्ही