एडिंबरात कुठे उतरायचं

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. खोकला पूर्ण गेला, हीटर लावते, जेवण वेळेवर होतं. बाकीचं फोनवर कळतंच. पत्र अशासाठी लिहितेय की तुम्ही इथे याल तेव्हा राहण्याच्या जागेचा विषय फोनवर काढला की आई मध्येच "ते राहू दे, तू जेवलीस का?" विचारते आणि विषय तिथेच राहतो. आता तर दादाने हॉटेलही शोधून ठेवलंय. त्याने पैसे भरायच्या आत हे सगळ्यांनी वाचा.

बाबा, किल्ल्याच्या पायथ्याशीच उतरायचं हा तुमचा हट्ट मला कळतो. जुनं शहर आहेच तसं. कातळावर किल्ला आणि त्याच्या सोंडेवरून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा एकच लांब रस्ता, रॉयल माइल. तुम्ही ते पाहाल तेव्हा मला तुमच्या शेजारी उभं राहायचंय. पण पाहायची जागा वेगळी आणि रोज झोपायची-उठायची जागा वेगळी. रॉयल माइलच्या दोन्ही अंगांना जे अरुंद बोळ उतरतात, त्यांतल्या कितीतरी बोळांमध्ये सरळ पायऱ्याच आहेत, दगडी, आणि पावसात निसरड्या. दादाने शोधलेली जागा नकाशावर रॉयल माइलपासून दोन मिनिटांवर दिसते. ती दोन मिनिटं आईने दिवसातून चार वेळा चढायची आहेत.

शिवाय इथला नकाशा साध्या नकाशासारखा वाचून चालत नाही. साउथ ब्रिज आणि काउगेट हे रस्ते नकाशावर एकमेकांना छेदतात, पण तिथे चौक नाही. साउथ ब्रिज १७८८ मध्ये खुला झालेला पूल आहे. त्याच्या १९ कमानी आहेत आणि दिसते फक्त एक, कारण बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींनी झाकून टाकल्यात. काउगेट त्या दिसणाऱ्या कमानीखालून जातो. म्हणजे वरच्या रस्त्यावरून दुकानात शिरलं की तळमजला, पण त्याच इमारतीचे कितीतरी मजले पायाखाली असतात.

आणि आता पत्त्याचं. हे नीट समजून घ्या, कारण दादा यातच फसेल. इथल्या जुन्या इमारतींत घरांना सरळ नंबर असतीलच असं नाही. पत्ता लिहिताना आधी मजला, मग 'एफ', मग त्या मजल्यावरचं कितवं घर ते लिहितात. माझं घर 'थ्री एफ टू', म्हणजे तिसरा मजला, दुसरं घर. मजले आपल्यासारखेच मोजतात, तळमजला सोडून. खाली सगळ्यांचा मिळून एक जड दरवाजा, त्याच्या बाजूला घंटांची बटणं आणि आडनावं. आडनाव बऱ्याचदा आधीच्या भाडेकरूचंच राहिलेलं असतं. आत गोल फिरत जाणारा दगडी जिना. दीडशे वर्षं माणसं एकाच जागी पाय ठेवत आल्यामुळे प्रत्येक पायरी मधोमध खोलगट झालेली, नि कडेला जिना वळतो तिथे पायरी एवढी निमुळती की पाऊल आडवं ठेवावं लागतं. लिफ्ट नाही, बसवायला जागाच नाही. तेव्हा कुठल्याही जाहिरातीत 'टू एफ वन' किंवा 'थ्री एफ टू' दिसलं की फोटो कितीही सुंदर असोत, पुढे जायचं. आणखी एक. अशी घरं थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायला इथे परवाना लागतो आणि त्याचा नंबर जाहिरातीत द्यावा लागतो. नंबर नसेल तर विचारातच घेऊ नका.

न्यू टाउन या भागाचंही मी बघितलं. नाव नवं असलं तरी आराखडा १७६७ चा आहे. रुंद रस्ते, देखणी घरं, पण परवडणारी हॉटेलं जुन्याच घरांत आणि जिना चुकत नाही. स्टॉकब्रिज ही वस्ती मला स्वतःला फार आवडते, बोटॅनिक गार्डनही जवळ आहे, पण शहरातून परत येताना उतार आणि शहरात जाताना चढ.

म्हणून मी लीथ म्हणतेय. मावशीकडे कोणीतरी "ते बंदर आहे, वस्ती चांगली नाही" असं सांगितलंय, ते मला कळलंय. ते फार जुनं झालं. स्कॉटिश सरकारचं मोठं कार्यालय लीथच्या धक्क्यावरच आहे. मी संध्याकाळी तिथे एकटी फिरते आणि मला कधी भीती वाटलेली नाही. लीथ १९२० पर्यंत स्वतंत्र गाव होतं, लोकांच्या मनाविरुद्ध एडिंबरात घातलं. आजही तिथली माणसं आपण लीथचे असंच सांगतात. जमीन सपाट आहे. धक्क्याजवळच्या नव्या इमारतींत लिफ्ट असते आणि स्वयंपाकघर असलेली घरं मिळतात, म्हणजे आईला पहाटे चहासाठी कुणाचं तोंड बघायला नको. लीथमध्ये हिंदू मंदिर आहे. विमानतळावरून ट्राम थेट येते, कुठे बदलायची नाही, आणि तिचा दरवाजा फलाटाच्या पातळीवर असतो. आईला पाय उचलावा लागणार नाही.

बाबा, तुमच्यासाठी लीथ लिंक्सचं मैदान आहे. गोल्फचे पहिले लेखी नियम १७४४ मध्ये तिथल्याच खेळाडूंनी केले. किल्ल्यावर आपण दोनदा जाऊ. चालायला त्रास होणाऱ्यांना वर नेणारी गाडी आत मिळते, म्हणजे आईही येईल. मॉन्स मेग ही १४४९ ची तोफ बघायला तुम्हाला पूर्ण सकाळ देणार आहे. आणि १८६१ पासून किल्ल्यावरून दुपारी एक वाजता जी तोफ उडते, रविवार आणि एकदोन सण सोडून, ती लीथच्या बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणूनच सुरू झाली. तेव्हा किल्ल्यापासून लांब राहिलो असं मानू नका.

ऑगस्ट मात्र नको. १९४७ पासून तेव्हा इथे कलांचा मोठा महोत्सव भरतो, भाडी दुपटीच्या वर जातात. मेच्या मध्यात या. रात्री नऊ वाजताही उजेड असतो. थंडी असेल, आईचे दोन्ही स्वेटर आणा. शिवाय २४ जुलै २०२६ पासून मुक्कामाच्या भाड्यावर, पहिल्या पाच रात्रींपुरता, ५ टक्के कर लागणार आहे, तोही वाचेल.

"पोरीचं घर असताना भाड्याची जागा कशाला" असं आत्या म्हणाली. बरोबर आहे तिचं. पण तिसरा मजला, दोघी मैत्रिणींबरोबरचं घर, न्हाणीघरात गुडघाभर उंचीचा टब. आईला मी तिथे कशी आणू? मी दोन खोल्यांची जागा बघतेय, तुम्ही असेपर्यंत मीही तिथेच येऊन राहीन. रजा टाकलीये.

बाबा, एफडी मोडू नका. जागेचे पैसे मी भरतेय, तेवढे साठवलेत. कर्जाचा हप्ता चुकलेला नाही, चुकणारही नाही. व्हिसासाठी फक्त सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून ठेवा.

चिंगीच्या लग्नाला मी नव्हते. फोटो बघितले, पुन्हा पुन्हा बघितले. आहेराचे पैसे दादाच्या खात्यात टाकलेत, साडी आईनेच निवडावी. आणि त्या पुण्याच्या स्थळाचं: माहिती वाचली, मुलगा चांगला वाटतो. मी टाळत नाहीये. पण फोनवर हो-नाही मला सांगता येणार नाही. तुम्ही इथे आलात की समोर बसून बोलू. मुलाकडचे जूनपर्यंत थांबत असतील तर थांबू देत, घाई असेल तर त्यांना अडवून ठेवणं योग्य नाही, तसं स्पष्ट कळवा. तुमच्या दोघांच्या पासपोर्टचे फोटो या आठवड्यात पाठवा, म्हणजे जागा नक्की करते.

तुमची,
सोनू